डावीकडे कललेले टाके

"हा ससा माझा नाही," टाकेमावशी म्हणाल्या.

कुणाचं लक्ष नव्हतं. साडेनऊ वाजले होते, दहाला बाजार उघडायचा होता, आणि शाळेच्या त्या लांबलचक सभागृहात पंचवीस संस्थांची माणसं एकाच वेळी टेबलं सरकवत होती. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की दरवर्षी हा बाजार भरतो. संस्थांनी हातानं केलेल्या भेटवस्तू मांडायच्या आणि त्यावर आपापलं काम पुढचं वर्षभर चालवायचं. उजवीकडच्या टेबलावर अंधशाळेच्या मेणबत्त्या होत्या, डावीकडे भटकी कुत्री सांभाळणाऱ्यांनी विणलेले मफलर, आणि मधल्या टेबलावर मावशींच्या संस्थेचे कापडी ससे तीन रांगांत बसवलेले, वर्गाचा फोटो काढायला बसवावेत तसे.

"काय म्हणालात, मावशी?" नवीनं मान वर न करता विचारलं. नवी म्हणजे संस्था चालवणाऱ्या हेडबाईंची भाची. तिला येऊन चार वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर दुसरं कुणी आलंच नाही, म्हणून ती अजून नवीच होती.

"हा माझा नाही. कुणाचा आलाय हा आपल्यात?"

"तुमचाच की. तुमच्याशिवाय ससे कोण करतं?"

ते खरंच होतं. मावशींनी सशाचा वाकलेला कान सरळ करायला म्हणून तो उचलला होता. कान डोक्याला जिथं जोडलेला असतो तिथल्या शिवणीवरून त्यांचा अंगठा सवयीनं फिरला आणि अडखळला. टाके उजवीकडे कलले होते.

आता टाका कुठं कलतो हे बघायला कुणाला वेळ आहे? पण मावशी डावखुऱ्या. उजव्या हाताची बाई उजव्या टोकाला सुरुवात करते आणि शिवत शिवत डावीकडे जाते. मावशी डाव्या टोकाला सुरुवात करून उजवीकडे जायच्या, त्यामुळे त्यांचे टाके सगळ्या जगाच्या उलट, डावीकडे कलायचे. त्या हातावर लहानपणी आईनं पट्टी मारली, शाळेत बाईंनी मारली, पण हात काही ऐकला नाही. पुढं इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत त्याच हातानं त्यांनी तीस वर्षं फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे शिवले. डॉक्टर माणसांना टाके घालायचे आणि ही बाई डॉक्टरांच्या झग्यांना, म्हणून कुणीतरी गमतीत टाकेमावशी म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. धुलाईवालासुद्धा झगा उलटा करून सांगायचा, हे मावशींचं काम.

त्यांनी दुसरा ससा उचलला. त्याचे टाके डावीकडे होते. हुश्श. तिसराही डावीकडे. चौथा उजवीकडे. मग मात्र मावशींना राहवेना. त्यांनी वर्गाचा फोटो पार मोडून टाकला आणि एकेका सशाचा कान अंगठ्याखाली घालत सुटल्या.

"मावशी, अहो मी आत्ता लावलेत ते!"

"लाव परत."

दहा वाजता दारं उघडली तेव्हा अकरा ससे टेबलाखालच्या खोक्यात गेले होते आणि अठ्ठावीस वर उरले होते. मावशींनी दोनदा मोजले. त्यांनी स्वतः चाळीस केले होते.

"चाळीसावा कुठाय?"

"पिशवीतून एकोणचाळीसच निघाले," नवी म्हणाली. "सिस्टरना विचारा."

सिस्टर अजून आल्या नव्हत्या.

संस्था म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर होतं. लांबून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना तिथं झोपायला खाट मिळायची, अंघोळीला गरम पाणी आणि डाळ-भात शिजवायला शेगडी. इस्पितळातून बाद झालेल्या चादरी आणून, रंगवून, मावशी त्यांचे ससे करायच्या. पोटाला खिसा, डोळ्यांना काळी बटणं आणि लांब कान. हे अठरा वर्षं चाललं होतं. निवृत्तीच्या आधी सुट्टीच्या दिवशी बसायच्या, नंतर रोज. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा चाळीस ससे झाले होते. लोक म्हणाले, बाई कठोर आहे. बाई कठोर नव्हती, बाईला हात रिकामे ठेवता येत नव्हते.

आणि सिस्टर ससे तपासायच्या. त्या याच इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या, आणि तिथला एक नियम त्यांनी सशांनाही लावला होता: ज्यानं काम केलं त्यानंच ते तपासायचं नाही. मावशींनी दर शनिवारी झालेले ससे पिशवीत घालून द्यायचे. सिस्टरनी घरी नेऊन प्रत्येकाचा कान तीनदा ओढायचा, डोळ्याचं बटण तीनदा ओढायचं, आणि टिकला तर "पास" म्हणून मोठ्या पिशवीत टाकायचा. पोरांच्या हातात जायची वस्तू. बटण निघालं तर ते सरळ तोंडात जातं. पास झालेला ससा मावशींना दिसायचा तो एकदम बाजाराच्या दिवशीच. अठरा वर्षांत एकही नापास झाला नव्हता. निदान मावशींच्या कानावर तरी आलं नव्हतं.

साडेदहाला हेडबाई आल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्या सभागृहात शिरल्या की माणसं आपोआप सरळ उभी राहायची. त्यांच्या मागून दोघांनी एक फलक आणला आणि टेबलाच्या मागच्या भिंतीवर टांगला. नवीनंच रंगवला होता: "अठरा वर्षं. सातशे वीस ससे. एकच हात."

"चार वाजता सत्कार," हेडबाई म्हणाल्या. "चांगली साडी नेसून आलात, छान केलंत. मुलगा-सून येतायत ना?"

"येतायत, बाई."

"दोन शब्द बोलायचे. भाषण नको. हे ससे मी कसे करते, एवढंच सांगा."

महिनाभर त्या या चार वाजण्याची वाट बघत होत्या. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. इस्पितळातून निवृत्त झाल्या तेव्हा डॉक्टरांचा समारंभ सभागृहात झाला होता आणि यांचा कपड्यांच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मधोमध. सत्काराचं त्यांनी घरी सांगितलं तेव्हा सूनबाईनं ही साडी स्वतः इस्त्री करून दिली होती. आणि आता सगळ्यांसमोर उभं राहून, खोक्यात अकरा परके ससे लपवून, त्या काय सांगणार होत्या?

अठ्ठावीस तर माझेच आहेत, त्यांनी स्वतःला समजावलं. अठ्ठावीस काही कमी नाहीत. पण जिवाला चैन पडेना. त्या खुर्चीवर बसल्या, उठल्या, मेणबत्त्यांच्या टेबलापर्यंत गेल्या, तिथं एक मेणबत्ती उगाच हुंगली, परत आल्या. पायांना भिंगरी लागल्यासारखं झालं होतं. एक बाई तेवढ्यात खाली वाकून खोक्यातला ससा उचलून बघू लागली, तर मावशींनी तो तिच्या हातातून काढूनच घेतला.

"तो नको. हा घ्या. हा चांगला."

"पण दोन्ही सारखेच दिसतायत," बाई म्हणाली.

"दिसतात," मावशी म्हणाल्या.

बाई मफलरांच्या टेबलाकडे निघून गेली. नवीनं कपाळाला हात लावला.

"मावशी, काय चाललंय तुमचं आज? गिऱ्हाईक पळवताय."

मग मावशींच्या तोंडून ते निघालंच. "तू बदललेस का ससे?"

"मी?"

"गेल्या वर्षी म्हणत होतीस, फिनिशिंग पाहिजे, दुकानातल्यासारखं दिसलं पाहिजे. कुणाकडून शिवून घेतलेस हे अकरा? हेडबाईंना माहीत आहे?"

नवीचा चेहरा लाल झाला. "मावशी, मला साधं बटण लावता येत नाही. माझ्या जाकिटाचं बटण गेल्या महिन्यात तुम्हीच लावून दिलंत. मी कशाला..." बोलता बोलता तिचा हात जाकिटाकडे गेला आणि तिथंच थांबला. तिनं घाईघाईनं पदर ओढावा तसा मफलर पुढं ओढून घेतला.

पण मावशींनी पाहिलं होतं. बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती.

लावून महिनासुद्धा झाला नव्हता त्या बटणाला.

नवी खाली बसून पिशव्यांच्या घड्या घालायला लागली, ज्या आधीच घातलेल्या होत्या. मावशींनी डावा हात उजव्या हातात धरला. उन्हाळ्यापासून तो हलत होता. फार नाही, सुई पकडली की थोडा. सुईत दोरा ओवायला आधी एक प्रयत्न लागायचा, मग तीन, मग मावशींनी दोरा ओवायचं एक यंत्र आणलं आणि विषय संपवला. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. सिस्टरना तर नाहीच. सिस्टरना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या.

बाराच्या सुमाराला सिस्टर आल्या. खांद्याला थर्मासची पिशवी, अंगात फिकट स्वेटर, आणि चाल अजून वॉर्डातली. टेबलाकडे एक नजर टाकून त्यांनी विचारलं, "सगळे का नाही मांडले?"

"अकरा बाजूला काढले," मावशी म्हणाल्या. "माझे नाहीत ते."

सिस्टर थर्मासचं झाकण फिरवायला लागल्या. "म्हणजे?"

"टाके उजवीकडे आहेत. आणि चाळीसावा कुठाय?"

"राहिला असेल कुठंतरी. चहा घे आधी. तोंड बघ कसं झालंय."

सिस्टरनी कप पुढं केला. अर्धा भरलेला. मावशी त्या कपाकडे बघत राहिल्या. घरी सूनबाईसुद्धा हल्ली अर्धाच कप देत होती. आधी मावशींना वाटलं होतं, साखर कमी करायची असेल, डॉक्टरांनी काही सांगितलं असेल मुलाला. दोन महिने त्या मनातल्या मनात सूनबाईवर थोड्या नाराजही होत्या, की म्हातारीला चहासुद्धा मोजून. आता त्यांना कळलं की अर्धा कप हिंदकळत नाही.

मग त्यांनी कप धरलेल्या सिस्टरच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिकटपट्टी होती. अंगठ्यालाही. पहिल्या बोटाच्या टोकावर बारीक बारीक काळे ठिपके होते, शिवायची सवय नसलेल्या माणसाच्या बोटाला पडतात तसे.

"हे काय झालं?"

"कोबी चिरताना कापलं."

"तीन बोटं?"

सिस्टरनी चेहरा अगदी कोरा ठेवला, पेशंटच्या नातेवाइकांसमोर ठेवायच्या तसा. मावशींनी तो चेहरा तीस वर्षं पाहिला होता, तेव्हा त्यांना तो वाचता येत होता.

"बाहेर चल," मावशी म्हणाल्या.

सभागृहाच्या मागं पाणी प्यायचे नळ होते, लहान मुलांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेले. दोघी नळांशेजारच्या कट्ट्यावर टेकल्या. एक नळ गळत होता. सिस्टरनी तो घट्ट करून पाहिला, झाला नाही, मग सोडून दिला.

"अकरा तू शिवलेस," मावशी म्हणाल्या.

"हो."

"का?"

सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपल्या घरात ती छोटी मुलगी होती बघ, जिची आई इस्पितळात चौथ्या मजल्यावर होती. मे महिन्यात. फार रडायची. तुझ्या पहिल्या पिशवीतला ससा मी तिला एका रात्रीपुरता दिला, न ओढताच. तुझा ससा, त्याला काय ओढायचं, म्हटलं. सकाळी तिच्या वडिलांनी हाक मारली. सशाला एकच डोळा होता. दुसरा तिच्या गालात होता. मी बोट घालून काढला."

मावशींनी तोंडावर हात ठेवला.

"काही झालं नाही तिला. अगं, खरंच काही नाही. हसत होती. पण मग मी घरी येऊन पिशवी उलटी केली आणि सगळे ओढले. एकामागून एक कान हातात यायला लागले. मी तशीच बसले कितीतरी वेळ."

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगणार होते? तुझा हात हलतो हे तुला कळत होतं की. तू मला सांगितलंस? बारीकसं काहीतरी यंत्र आणलंस दोरा ओवायला आणि माझ्यासमोर ते पर्समध्ये लपवलंस. मग मी कुठल्या तोंडानं सांगायचं?"

नळ गळत राहिला.

"बरं," शेवटी मावशी म्हणाल्या. आवाज त्यांनी जरा सावरला. "अकरा तुझे. चाळीसावा हरवला. राहिले अठ्ठावीस, ते माझे आहेत आणि ते पास झालेत. मी वर जाऊन तसंच सांगते, की यंदा अठ्ठावीसच केले. फलकाचं नवी बघेल."

सिस्टर त्यांच्याकडे बघेनात.

"काय?"

"ते पण मीच शिवलेत."

"त्यांचे टाके डावीकडे आहेत."

"डावीकडून सुरुवात केली. तुझ्यासारखी. प्रत्येक टाक्याला सुई उलट्या अंगानं घालायची आणि उजवीकडे सरकायचं. आधी जमेचना, दोन दिवस नुसती चिंधीवर बसले होते. एकेका कानाला तास लागायचा. तू अंगठा फिरवणार हे मला माहीत होतं ना. शेवटच्या आठवड्यात अकरा राहिले, बाजार तोंडावर आला, घाईत हात आपल्या वळणावर गेला. माझ्या लक्षातही आलं नाही."

मावशी समोरच्या मैदानाकडे बघत बसल्या. त्यांना राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही, पण तो कुणावर काढावा ते समजेना. सहा महिने त्या दर शनिवारी ताठ मानेनं पिशवी देत होत्या आणि ही बाई दर शनिवारी ती घेऊन जाऊन, उसवून, सुया टोचून घेत, उलट्या दिशेनं शिवत होती. म्हणजे यंदा त्यांचा असा एकही ससा नव्हता. सकाळपासून त्या अठ्ठावीस सशांना धरून उभ्या होत्या, आणि तेही गेले. त्यांना रडू आलं, आणि त्या रडल्या. सिस्टरनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. स्वेटरच्या बाहीतला रुमाल काढून दिला.

"अंगुस्तान का नाही घातलंस?" जरा वेळानं मावशींनी नाक पुसत विचारलं.

"मोठं होतं. बोटातून निसटायचं."

"माझं मागायचं."

"वा! आणि काय सांगू कशाला पाहिजे ते?"

मावशींना रडता रडता हसू आलं.

आत गेल्यावर मावशींनी खोक्यातले अकरा ससे काढून टेबलावर मांडले. नवीनं त्यांची रांग सरळ केली. "तुझं जाकीट दे," मावशी म्हणाल्या, आणि मग आपणच थांबून म्हणाल्या, "सिस्टरकडे दे. ती लावेल बटण. आणि मघाशी मी बोलले ते मनावर घेऊ नकोस. चुकलं माझं." नवीनं नुसती मान हलवली, पण नंतर सिस्टरच्या थर्मासमधला चहा तिनं स्वतः ओतून मावशींना दिला. तोही अर्धा.

चार वाजेपर्यंतचा वेळ काही केल्या जाईना. मावशींनी तीनदा पदर सारखा केला, दोनदा हात धुवून आल्या. ससे भराभर जात होते. गिऱ्हाईक सशाचं पोट दाबून बघायचं, खिशात बोट घालायचं, हसायचं. टाक्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. दरवेळी मावशींचा जीव मात्र टांगणीला लागायचा आणि दरवेळी ससा धडधाकट पिशवीत जायचा. काहीच बोललं नाही तर कुणाला कळणार होतं? पाच मिनिटांचं काम. पुष्पगुच्छ घ्यायचा, नमस्कार करायचा, खाली यायचं. सिस्टर तर जीव गेला तरी तोंड उघडणार नव्हती. हा विचार मावशींच्या मनात आला, नाही असं नाही. चांगला दहा मिनिटं येऊन बसला होता.

चार वाजता हेडबाईंनी माईक हातात घेतला. मुलगा आणि सूनबाई तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. हेडबाई सुरेख बोलल्या. निष्ठा, सातत्य, सातशे वीस ससे, एकच हात. टाळ्या वाजल्या. मावशी पायऱ्या चढून वर गेल्या आणि त्यांच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ आला, चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळलेला. त्यांनी तो डाव्या हातानं धरला आणि हात थरथरला. गुच्छाचा कागद कुरकुरायला लागला. समोर माईक होता. ती कुरकुर सगळ्या सभागृहात ऐकू गेली, थांबेचना. पहिल्या रांगेतल्या कुणालातरी वाटलं माईक बिघडलाय.

मावशींनी गुच्छ खाली ठेवला.

"बाई म्हणाल्या, ससे कसे करते ते सांगा," त्या म्हणाल्या. "यंदाचे मी केले होते. पण ते टिकले नसते. माझा हात हलतो. या बाजारात जेवढे ससे आहेत ते सगळे उसवून सिस्टरनं परत शिवलेत. सिस्टर तिथं दाराजवळ उभी आहे, स्वेटरमध्ये. फलकावर एकच हात लिहिलंय. तेवढं दुरुस्त करायला पाहिजे."

मग टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला, पहिल्यापेक्षा मोठा. हेडबाईंनी माईक घेतला. "बघा, हा मनाचा मोठेपणा! स्वतःच्या कामाचं श्रेय मैत्रिणीला देतायत!" पुन्हा टाळ्या. मावशी काहीतरी सांगायला तोंड उघडत होत्या, पण तोवर अंधशाळेच्या मुलांना गाण्यासाठी वर बोलावलं होतं. आयुष्यात एकदा इतक्या लोकांसमोर खरं बोलल्या आणि ते कुणाला पटलं नाही. तिसऱ्या रांगेत मुलगा टाळ्या वाजवत होता. सूनबाई वाजवत नव्हती. ती पदराचं टोक मुठीत धरून सासूकडे बघत होती, आणि मावशी खाली उतरल्या तेव्हा गुच्छ तिनं पुढं होऊन आपल्या हातात घेतला.

"आई, घरी जायचं का?"

"तुम्ही व्हा पुढं. आवराआवर आहे. आणि ऐक, तो अर्धा कप देतेस ना, तो तसाच देत जा."

सूनबाईनं मान हलवली.

साडेपाचला टेबलं रिकामी व्हायला लागली. मेणबत्त्यांचं खोकं बंद झालं. ससे सगळे संपले होते. नवी खुर्चीवर चढून फलक उतरवत होती, तेवढ्यात एक गृहस्थ धावतपळत आले. मुलीला कबूल केलं होतं, म्हणाले, ऑफिसात अडकलो, एखादा तरी उरला असेल ना?

"नाही हो," नवी म्हणाली. "सगळे गेले."

मावशींनी सिस्टरकडे पाहिलं. "चाळीसावा खरंच हरवलाय?"

सिस्टर घुटमळल्या. मग त्यांनी थर्मासच्या पिशवीतून एक ससा काढला. निळा, खिशाला पांढरी किनार असलेला. "हा तेवढा राहिला उसवायचा. वेळ नाही झाला. म्हणून मांडला नाही."

मावशींनी तो हातात घेतला. कानाच्या बुडाशी अंगठा फिरवला. टाके डावीकडे कलले होते. थोडे वेडेवाकडे होते, एक मोठा, एक बारीक, मध्येच एक सुटलेला, पण त्यांचेच होते. सकाळपासून त्या हाच शोधत होत्या.

"छान आहे की," गृहस्थ म्हणाले. "द्या हाच."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "तपासला नाहीये अजून."

त्यांनी कान धरून ओढला. टिकला. दुसऱ्यांदा ओढला. टिकला. सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या. तिसऱ्यांदा मावशींनी ओढला तो जराही हात न राखता, सिस्टर ओढायच्या तसा, आणि कान हातात आला.

कान मावशींच्या तळहातावर पडला होता आणि त्याच्या कडेला दोऱ्याची चार टोकं लोंबत होती. त्यांनी ती बोटानं एका बाजूला केली.

"नापास," त्या म्हणाल्या. मग गृहस्थांना म्हणाल्या, "पाच मिनिटं बसा. आम्ही डोळेही लावून देतो परत."

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. मावशींनी पर्समधून सुई-दोरा काढला, ते दोरा ओवायचं यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. शेवटी आपलं अंगुस्तान काढलं आणि सिस्टरच्या चिकटपट्टी लावलेल्या बोटात घातलं. पट्टीमुळं ते अगदी नेमकं बसलं.

सिस्टरनी ससा मांडीवर घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि सहा महिन्यांच्या सवयीनं सुई डाव्या टोकाला नेली.

"तिकडून नको," मावशी म्हणाल्या. "तुझ्या बाजूनं घे."

सिस्टर थांबल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. सुई उजव्या टोकाला नेली आणि पहिला टाका घातला. मावशींनी दोन्ही हातांनी कान जागेवर दाबून धरला. तेवढं त्यांना जमत होतं.